मडफ्लॅप रिकाम्या गाडीवर मापू नका

मंडळी, मासेमारीबंदी ३१ जुलैला उठते. ट्रॉलर नांगरून ठेवलेत, जाळ्यांची दुरुस्ती चालू आहे, इंजिनं उघडलीत. याच दोन महिन्यांत आपल्या मासळीच्या गाड्याही गॅरेजला लागतात. ब्रेक बघतात, पाटे बघतात, बॅटरी, वायरिंग, टायर सगळं होतं. आणि गाडी बाहेर काढायच्या दिवशी कुणाला तरी आठवतं, अरे, मागचे मडफ्लॅप फाटलेत. मग जवळच्या दुकानातून मिळेल ती जोडी आणायची, दोन भोकं पाडायची, दोन बोल्ट मारायचे, झालं काम. १ ऑगस्टपासून गाडी जेटीवर. चवथीपर्यंत त्यातला एक मडफ्लॅप रस्त्यात कुठेतरी पडलेला असतो आणि दुसरा एका बोल्टावर लोंबकळत असतो.

दरवर्षी हेच होतं आणि दरवर्षी आपण म्हणतो, 'रबर बेकार निघालं.' कधी कधी रबर खरंच बेकार असतं. पण फाटलेले मडफ्लॅप काढून नीट बघितले तर बहुतेक वेळा रबर मधे शाबूत असतं आणि फाटलेलं असतं ते बोल्टाच्या भोकाशी, नाही तर खालच्या कडेला. म्हणजे दोष रबराइतकाच, किंबहुना जास्त, मापाचा आणि टांगण्याचा. आज त्याबद्दलच बोलूया. बंदी उठायला अजून दिवस आहेत, गाडी उभी आहे, हे काम आत्ताच होण्यासारखं आहे.

आधी मागून येणाऱ्याचा विचार

काही जण म्हणतील, इंजिन नाही, ब्रेक नाही, एका रबराच्या तुकड्यावर एवढं काय लिहायचं? तर बघा. बंदी संपते तेव्हा पाऊस संपलेला नसतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे हंगामाचे पहिले दोन महिने आपल्या गाड्या ओल्या रस्त्यावरच धावतात. मालीमहून निघा, कुटबणहून निघा, शापोऱ्याहून निघा, हमरस्त्याला लागेपर्यंत रस्ता अरुंद. पुढे बेळगावला जायचं तर साखळी, केरी करत चोर्ला घाट, नाही तर फोंडा, मोले करत अनमोड. सगळीकडे मागून स्कूटर, मोटरसायकली, पायलट. गोव्यात घराघरात दुचाकी आहे. आपल्या भरलेल्या गाडीमागे पावसात जो माणूस अडकतो, तो बहुतेक वेळा दुचाकीवरचा असतो.

मागच्या टायरला मडफ्लॅप नसला की टायरने उचललेलं पाणी, चिखल आणि बारीक खडी सरळ त्याच्या तोंडावर. हेल्मेटच्या काचेवर गढूळ पाण्याचा सपकारा बसला की दोन-तीन सेकंद त्याला काहीच दिसत नाही. टायरच्या खाचेत अडकलेला खडा सुटला की तो वर उडतो आणि मागून येणारा वेगात त्याच्यावर जाऊन आदळतो. रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसलेल्या मासळीवाल्या बाया आपल्याच घरच्या. त्यांच्या अंगावर आणि त्यांच्या पाटीतल्या बांगड्यांवर आपल्याच गाडीने चिखल उडवायचा, हे काही बरं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या गाडीची. जेटीवरच्या डबक्यातलं पाणी खारट. ते पुढच्या चाकांनी उचललं की बॅटरीच्या पेटीवर, डिझेल टाकीच्या पट्ट्यांवर, ब्रेकच्या पाइपांवर जातं. मागच्या चाकांनी उचललं की टेललाइटच्या वायरिंगवर, नंबरप्लेटवर, मागच्या आडव्या बीमवर. चिखलाने माखलेले टेललाइट रात्री मागच्याला दिसत नाहीत. जुन्या गाडीचा पत्रा आधीच पातळ झालेला, त्यावर रोज खारं पाणी. मडफ्लॅप हा गाडीचं आयुष्य वाढवणारा स्वस्तातला भाग आहे आणि तो नुसता मागच्या नाही, पुढच्या चाकांनाही हवा.

'४०७ चा द्या' हे माप नव्हे

नव्या गाडीला कंपनीचा ब्रॅकेट असतो, कंपनीने ठरवलेली जागा असते, त्या मापाचा मडफ्लॅप मिळतो आणि बसतो. आपल्या गाड्यांचं तसं नाही. टाटा ४०७ बाजारात आली १९८६ साली आणि आजही जेटीवर ती दिसतेच. अशा जुन्या गाडीचा हौदा कंपनीने बांधलेला नसतो, तो बॉडीवाल्याने बांधलेला असतो. पुढे कधी हौदा बदलला, कधी बर्फाची पेटी बसवली, कधी मागची आडवी पट्टी गंजली म्हणून कापून नवी वेल्ड केली. मूळचे ब्रॅकेट कधीच गेलेले. पाटे बसलेले, किंवा जादा माल घ्यायचा म्हणून एक पाटा वाढवलेला. टायरही मूळ मापाचे राहिले असतील असं नाही.

म्हणून एकाच मॉडेलच्या दोन जुन्या गाड्या शेजारी उभ्या केल्या तरी मडफ्लॅप टांगायची जागा आणि तिथून जमिनीपर्यंतचं अंतर वेगळं निघतं. एवढंच काय, एकाच गाडीची डावी आणि उजवी बाजू वेगळी निघते, कारण पाटे दोन्ही बाजूंनी सारखे बसत नाहीत. दुकानात जाऊन 'ह्या मॉडेलचा द्या' म्हटलं तर दुकानदार देईल ते त्याच्या अंदाजाचं माप. आपल्या गाडीचं माप आपणच घेऊन जायचं.

भरून मापा

इथे आपल्या धंद्याची एक खास अडचण आहे. आपण मडफ्लॅप बसवतो बंदीत, आणि बंदीत गाडी रिकामी असते. रिकाम्या गाडीचा मागचा भाग वर उठलेला असतो. तेव्हा जमिनीपासून छान अंतर दिसतं. पहिल्याच दिवशी बर्फ आणि मासळीचे क्रेट चढले की पाटे दबतात, मागची बाजू काही इंच खाली येते आणि तोच मडफ्लॅप रस्त्याला घासायला लागतो. त्यात गाडी जेटीच्या उतारावर रिव्हर्स घेतली की खालची कडा टायर आणि जमीन यांच्यामध्ये सापडते. टायर मागे फिरतो, मडफ्लॅप खाली ओढला जातो, आणि बोल्टाच्या भोकाशी फाटतो किंवा ब्रॅकेटच वाकवून नेतो. हरवलेल्या मडफ्लॅपांतले बरेचसे असेच जातात. पुढे जाताना नाही, रिव्हर्समध्ये.

यावर उपाय सोपा आहे. माप घेताना गाडीवर वजन ठेवा. २०० लिटरचं पिंप पाण्याने भरलं की २०० किलो झालं. दहा पिंपं म्हणजे दोन टन. पिंपं आपल्याकडे पडूनच असतात, बंदीत त्यांना दुसरं काम नाही. पिंपं नसतील तर मासळीचे क्रेट वाळूने भरा. तुमची गाडी नेहमी जितकं नेते तेवढं वजन, नेहमी जिथे असतं तिथेच ठेवा. पेटी मागच्या बाजूला असेल तर वजन मागे ठेवा. टायरमध्ये नेहमीची हवा भरा आणि गाडी सपाट जागी उभी करा.

मग मापं घ्या.

रुंदी: मागच्या डबल टायरची बाहेरच्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतची पूर्ण रुंदी मोजा. ७.५०-१६ चा एक टायर साधारण साडेएकवीस सेंटिमीटर रुंद असतो, आणि मधली फट धरून जोडी जाते सुमारे ४६ सेंटिमीटरवर. म्हणजे १८ इंची मडफ्लॅप कडेला कडा लावून कसाबसा पुरतो. पाणी सरळ मागेच उडत नाही, बाजूलाही फाकतं. म्हणून जागा असेल तर २० इंची घ्या, दोन्ही बाजूंनी बोटभर जास्त राहील. मोठ्या गाडीला १०.००-२० चे टायर असतील तर जोडीची रुंदी ६० सेंटिमीटरच्या आसपास, तिथे २४ इंचांच्या खाली जाऊ नका. मात्र मडफ्लॅप हौद्याच्या बाहेर आलेला नसावा, नाही तर अरुंद रस्त्यावर तोच कुठेतरी अडकेल.

लांबी: जिथे टांगायचा तिथून जमिनीपर्यंतचं अंतर भरलेल्या गाडीत मोजा आणि त्यातून वीतभर कमी करा. वीतभर मोकळं राहिलं की स्पीडब्रेकर, खड्डा आणि जेटीचा उतार निभतो. गाडी रिकामी झाल्यावर मडफ्लॅप आणखी वर जाईल, ते चालेल. परतीच्या रिकाम्या गाडीमागे थोडं पाणी जास्त उडतं, पण मडफ्लॅप जागेवर तरी राहतो. डावी-उजवी दोन्ही मापं वेगवेगळी लिहा. फरक असेल तर दोन्ही मडफ्लॅप एकाच लांबीचे घेऊन एक कापायचा.

टायरपासून अंतर: हे बरेच जण बघतच नाहीत. मडफ्लॅप टायरच्या फार जवळ असला तर रिव्हर्समध्ये सापडतो. फार लांब असला तर पाणी त्याच्या वरूनच निघून जातं. टायरची मागची कडा आणि मडफ्लॅप यांच्यात साधारण एक वीत ठेवा. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पाटा दबला की तो सरळ होतो, म्हणजे लांब होतो. त्याचं पुढचं टोक पक्कं असतं आणि मागचं शॅकलवर, त्यामुळे माल भरल्यावर ऍक्सल थोडा मागे सरकतो. म्हणजे भरलेल्या गाडीत टायर मडफ्लॅपच्या जवळ येतो. हे अंतरसुद्धा भरलेल्या गाडीतच मापायचं ते यासाठी.

मापं झाली की बाहेर पडण्याआधी एकदा गाडी भरलेली असतानाच रिव्हर्स घेऊन बघा. चाकाखाली जाड फळी घाला आणि हळू मागे या, एकाने बाजूला लांब उभं राहून बघायचं. कडा सापडते का, तिथल्या तिथे कळेल.

रबर निवडताना

आता रबराकडे येऊ. बाजारात साधारण चार प्रकार मिळतात. चांगलं नवं रबर, जुने टायर दळून पुन्हा बनवलेलं रबर, प्लॅस्टिक, आणि भंगारातला कन्व्हेयर बेल्ट. दुकानात सगळे काळेच दिसतात. मग ओळखायचं कसं?

एक, दुमडून बघा. मडफ्लॅपची कड धरून पूर्ण दुमडा आणि घडीवर अंगठ्याने दाबा. चांगलं रबर घडीवर काळंच राहतं आणि सोडलं की परत सरळ होतं. घडीवर पांढुरकी रेघ उमटली तर त्यात खडूची भुकटी किंवा माती जास्त मिसळलेली आहे. बारीक भेगा पडल्या तर तो तिथेच ठेवा.

दोन, वजनाला भुलू नका. हातात जड लागलं की माल चांगला, असं आपण समजतो. रबराच्या बाबतीत उलटं असू शकतं, कारण भेसळीची भुकटी रबरापेक्षा जड असते. हिशेब करून बघा. २० बाय २४ इंच आणि ६ मिलिमीटर जाडीचा चांगल्या रबराचा मडफ्लॅप साधारण सव्वादोन किलो भरतो. तेवढ्याच मापाचा, तेवढ्याच जाडीचा पावणेतीन किलो भरला तर जादाचं वजन रबराचं नाही. असा मडफ्लॅप भोकाशी लवकर फाटतो.

तीन, जाडी. ३-४ मिलिमीटरचा पातळ मडफ्लॅप ६० च्या वेगाला वाऱ्याने मागे उचलला जातो, आडवा होतो आणि पाणी त्याच्या खालून निघून जातं. म्हणजे असून नसल्यासारखा. ६ ते ८ मिलिमीटर जाडी आपल्या गाड्यांना बरी. खालच्या बाजूला जाड कड किंवा आडवी पट्टी ओतलेली असेल तर आणखी चांगलं, त्या वजनाने तो खाली राहतो.

चार, आत कापड आहे का बघा. कापडाचा थर असलेला मडफ्लॅप भोकाशी सहज फाटत नाही. कापलेल्या कडेवर धाग्याची रेघ दिसते.

प्लॅस्टिकचे मडफ्लॅप हलके, स्वस्त, दिसायला चकचकीत. नवे असताना बरे वाटतात. पण उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर ते कडक होत जातात आणि मग रिव्हर्समध्ये दुमडायच्या ऐवजी तुटतात. लहान टेंपोला, पुढच्या चाकांना एक वेळ चालतील. मासळीच्या भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकांना नको.

रबराला भेगा का पडतात

पुष्कळांना वाटतं खाऱ्या पाण्याने रबर कुजतं. तसं नाही. खाऱ्या पाण्याने रबराचं फारसं बिघडत नाही. बोटीच्या कडेला बांधलेले जुने टायर बघा, वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात आहेत. रबराचे खरे शत्रू तीन: ऊन, हवेतला ओझोन आणि तेल.

ओझोन हवेत अगदी थोडा असतो, पण जिथे रबर ताणलेलं असतं तिथे तो भेगा पाडतो. ताण नसेल तिथे पाडत नाही. म्हणून मडफ्लॅपच्या मधल्या भागाला काही होत नाही आणि भेगा येतात त्या वरच्या बाजूला, जिथे सगळं वजन भोकांवर लटकलेलं असतं, किंवा जिथे तो कायम वाकलेला असतो. भेग ताणाला आडवी पडते. अशी भेग भोकाजवळ दिसली की समजायचं, पुढच्या रिव्हर्सला हा जाणार.

चांगल्या रबरात यासाठी मेणासारखा पदार्थ मिसळलेला असतो. तो हळूहळू बाहेर येऊन वर पातळ थर धरतो. नव्या रबरावर कधी कधी पांढरट किंवा तपकिरी साय दिसते ती हीच. ती खराबी नाही, ते संरक्षण आहे. आपले काही ड्रायव्हर भाऊ गाडी चकाचक दिसावी म्हणून मडफ्लॅप डिझेलने किंवा जळक्या ऑइलने पुसतात. दोन दिवस काळाभोर दिसतो खरा, पण तो थर निघून जातो आणि तेल शोषून रबर फुगतं, मऊ पडतं. पुसायचं असेल तर साधं पाणी आणि साबण. डिझेल नको, ऑइल नको, ग्रीस नको.

कन्व्हेयर बेल्टचं काय?

हा प्रश्न गोव्यात येणारच. आपल्याकडे खाणी होत्या, खनिज वाहून न्यायचे पट्टे होते, आणि त्यांचे तुकडे भंगारवाल्याकडे मिळत आलेत. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तरी बेल्टचा तुकडा कापून मडफ्लॅप करायची पद्धत मागे राहिली. आणि ती वाईट नाही. बेल्ट मुळात दगडाचा मार खायला बनवलेला असतो, आत कापडाचे थर असतात, भोकाशी तो सहसा फाटत नाही.

पण तीन गोष्टी बघून घ्या. पहिली, वजन. १२ मिलिमीटरच्या बेल्टचा २० बाय २४ इंची तुकडा साडेचार किलोच्या घरात जातो, म्हणजे साध्याच्या दुप्पट. गंजलेल्या जुन्या पट्टीवर एवढं वजन हलत राहिलं तर बेल्ट शाबूत राहतो आणि पट्टीच निखळते. आणि रस्त्यात पडलेला साडेचार किलोचा तुकडा मागच्या स्कूटरवाल्यासाठी काय आहे, ते सांगायला नको. बेल्ट लावायचा तर ब्रॅकेट आधी मजबूत करा आणि मिळाला तर पातळ, दोन थरांचा बेल्ट घ्या.

दुसरी, कापलेली कड. कडेतून पाणी कापडात शिरतं आणि थर सुटायला लागतात. पंक्चरवाल्याकडचं रबर सोल्यूशन चारही कडांना आणि भोकांच्या आतून दोन हात लावून वाळवा.

तिसरी, तारेचा बेल्ट घेऊ नका. काही बेल्टांत कापडाऐवजी पोलादी तारा असतात. त्या कापलेल्या कडेतून बाहेर येतात, गंजतात, आणि टायरला, माणसाच्या पायाला, दोघांनाही लागतात.

बेल्ट गुंडाळीतून काढलेला असेल तर त्याला वाक असतो. तसाच टांगला तर एक तर टायरला घासेल किंवा मागे उघडा राहील. आधी दोन-चार दिवस उन्हात सपाट ठेवून वर वजन ठेवा.

टांगायचा कसा

आपल्या गाड्यांवर सगळ्यात आधी जातो तो बोल्ट. मासळीच्या पेटीतून गळणारं खारट पाणी हौद्याच्या मागच्या बाजूने उतरतं आणि पट्टी व रबर यांच्या मधल्या फटीत साठतं. तिथे ऊन नाही, वारा नाही, ते वाळतच नाही. बाहेरून पट्टी रंगवलेली दिसते आणि आत बोल्ट अर्धा खाल्लेला असतो.

दोन बोल्ट आणि दोन लहान वायसर, असं कधीही करू नका. सगळं वजन दोन भोकांवर येतं. मडफ्लॅपच्या पूर्ण रुंदीची, दीड इंच रुंद लोखंडी पट्टी घ्या, तिच्या कडा कानशीने गोल करा, आणि रबर ब्रॅकेट आणि या पट्टीच्या मध्ये दाबून धरा. २० इंची मडफ्लॅपला चार किंवा पाच ८ मिलिमीटरचे बोल्ट. म्हणजे वजन भोकांवर न येता सगळ्या रुंदीवर वाटलं जातं. हा एक बदल केला तरी तोच मडफ्लॅप जास्त हंगाम टिकतो.

भोक चाकूने कापू नका, तापवलेल्या सळईनेही पाडू नका. चामड्याला वापरतात तो पंच घ्या आणि गोल, स्वच्छ भोक पाडा. चाकूच्या भोकाला कोपरा असतो आणि फाट तिथूनच सुरू होते. भोक वरच्या कडेपासून निदान एक इंच खाली असू द्या.

बोल्ट आवळताना पट्टी रबरात रुतेपर्यंत आवळू नका. रबर चेपलं की बाजूला पळतं आणि तिथे ताण येतो. नीट बसला की थांबा आणि नायलॉनवाला लॉकनट लावा, म्हणजे हादऱ्याने सुटणार नाही.

बोल्ट कुठला? हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. बोटीच्या पंख्याजवळ झिंक का लावतो ते आपल्याला ठाऊक आहे. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यातला एक खाल्ला जातो. लोखंडी पट्टीला स्टेनलेसचे लहान बोल्ट लावले तर चालतं, कारण झीज मोठ्या पट्टीवर पसरते. उलटं करू नका. स्टेनलेसच्या पट्टीला साधे लोखंडी बोल्ट लावले तर बोल्ट झपाट्याने जातात. स्टेनलेस नको असेल तर चांगले जीआय बोल्ट लावा. पट्टी आणि ब्रॅकेट लावण्याआधी दोन्ही बाजूंनी झिंकचा प्रायमर आणि रंग द्या, भोकांच्या आतही.

आणि एक इशारा. ब्रॅकेट लावायला चेसिसच्या वरच्या किंवा खालच्या आडव्या पाळीला भोक पाडू नका, तिथे वेल्डिंगही करू नका. गाडीचं सगळं वजन त्या पाळीवर असतं आणि जुन्या चेसिसला तिथूनच चीर जाते. ब्रॅकेट हौद्याच्या आडव्या बीमवर घ्या, किंवा चेसिसच्या उभ्या बाजूला कंपनीचं भोक असेल तर तेच वापरा. बीम आधी हातोडीने ठोकून बघा. आवाज बद्द आला, गंजाचे पापुद्रे पडले, तर आधी बीम, मग मडफ्लॅप.

मडफ्लॅपने काय होणार नाही

खरं सांगायचं तर मडफ्लॅप मोठं पाणी, चिखल आणि खडे अडवतो. बारीक तुषार पूर्ण अडवत नाही. टायरवरून सुटलेलं पाणी सपाट रबरावर जोरात आपटलं की त्याचा काही भाग फुटून धुक्यासारखा होतो. तो कमी करायचा एकच उपाय ड्रायव्हरच्या पायाखाली आहे, वेग कमी करणं.

पेटीतून गळणारं मासळीचं पाणीही मडफ्लॅप थांबवणार नाही. बऱ्याच गाड्यांत पेटीच्या निचऱ्याचा पाइप नेमका मडफ्लॅपच्या वर उघडतो. ते पाणी वाऱ्याने सरळ मागच्याच्या अंगावर जातं आणि जाता जाता बोल्टही खातं. निचरा बंद करता येईल असा कॉक लावून टाकीत घ्या. गाडी गॅरेजमध्ये आहे तोवर तेही काम होऊन जाईल.

आणि पासिंगच्या दिवसापुरता मडफ्लॅप लावून परत काढून ठेवायचा, ही सवय आता सोडूया. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी पासिंग लागतं, म्हणजे तपासणी वर्षातून एक दिवस. पाऊस चार महिने.

हंगामात एवढंच करा

फेरी संपली की गोड्या पाण्याने मडफ्लॅपच्या वरची पट्टी आणि तिच्या मागची फट धुवा. दोन मिनिटांचं काम. पंधरा दिवसांतून एकदा बोल्ट हाताने हलवून बघा आणि भोकांजवळ भेग आहे का बघा. भेग दिसली तर मडफ्लॅप काढा, वरचा इंचभर भाग कापा, नवी भोकं पाडून पुन्हा लावा. लांबी थोडी कमी होईल, पण हंगाम निघेल. एक बाजू गेली तर 'नंतर बघू' म्हणून तसंच फिरू नका.

आता तुमच्याकडून एक मदत हवी. वजन ठेवून माप घेतलंत की खाली कमेंटमध्ये लिहा: गाडी कुठली, टायरचं माप, जोडीची रुंदी, टांगायच्या जागेपासून जमिनीपर्यंतचं अंतर रिकाम्या गाडीत किती आणि भरलेल्या गाडीत किती, डावं आणि उजवं. पिंपं कमी पडत असतील तर तेही लिहा, जवळच्या सभासदाकडे असतील तो सांगेल. सगळ्यांची मापं जमली की एकाच ठिकाणी मांडून देऊ, म्हणजे ज्यांच्या गाड्या आत्ता बाहेर आहेत त्यांना निदान अंदाज येईल. मात्र कापायच्या आधी त्यांनीही आपली गाडी भरूनच मापायची.